काशीची घंटा आणि पाखऱ्या

शेजारी घोडा असला की किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते आपणहून दारात येऊन साचतात. आमच्या आणि गोविंद भावजींच्या घरात एकच कुडाची भिंत. पलीकडे कोणी उसासा टाकला तरी अलीकडे मला चुलीपाशी ऐकू येतो. मी मुद्दाम कान देते असं दहिवलीतल्या काही बायका म्हणतात. अहो, मुद्दाम द्यावा लागतच नाही!

गोविंद भावजींचा घोडा माथेरानला चालायचा. पावसाळ्यात वरचा सीझन बंद झाला की तिथले घोडे खाली चरायला येतात. आमच्या ओढ्यापलीकडे, नदीच्या काठाला मोठं कुरण होतं. तिथे सगळ्यांचे घोडे एकत्र असायचे आणि किसन नावाचा माणूस ते राखायचा. कळपाची म्होरकी किसनचीच घोडी, काशी. तिच्या गळ्यात पितळी घंटा. ती वाजेल तिकडे कळप जायचा.

बाकीचे घोडे रात्रंदिवस कुरणातच. पण भावजींचा एकुलता एक घोडा, त्यात डोंगरातून बिबट्या उतरल्याची आवई उठलेली. म्हणून ते पाखऱ्याला रोज संध्याकाळी घरी आणायला जायचे.

जायचे, एवढंच. आणायचे असं मी म्हटलेलं नाही.

*

पहिल्याच संध्याकाळी भावजी दोर आणि गुळाचा खडा घेऊन निघाले. पाखऱ्या गूळ खाऊन शहाण्यासारखा ओढ्यापर्यंत आला. तेवढ्यात मागे काशी खिंकाळली. झालं! पाखऱ्याने मान वळवली, भावजींच्या हातातला दोर वळला आणि भावजीही वळले. फरक इतकाच, की घोडा चार पायांवर गेला आणि भावजी पोटावर.

अंधार पडता पडता ते दारात आले. अंगभर चिखल आणि पायात एकच चप्पल. त्यांची बायको शेवंती कंदील वर धरून बघतच राहिली.

"घोडा कुठं हाय?"

"तो ऱ्हायला. मी आलो."

शेवंती हसली नाही. शेवंतीला घोड्याची भीती होती, आणि ती वरवरची नव्हती. तिच्या माहेरी तिचा चुलता घोड्याच्या लाथेने गेलेला. पाखऱ्याला घास टाकायचा तर ती भिंतीआडून टाकायची. भिंतीपलीकडून मला तिचं एकच वाक्य रोज ऐकू यायचं, "ह्यो घोडा तुमाला खानार हाय एक दिवस."

*

मग भावजींनी डोकं लढवलं. घोडा काशीला सोडत नाही ना, मग काशीची घंटाच आणू! किसन जेवायला घरी गेला होता. भावजींनी काशीच्या गळ्यातली घंटा सोडली आणि वाजवत वाजवत घराकडे निघाले. पाखऱ्या निमूट मागे आला. भावजी इतके खूश, की त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही.

मागे अख्खा कळप होता.

दहिवलीची ती गल्ली केवढीशी, दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिच्यातून ते सगळे घोडे आले. मी दाराला अडसर घातला. एकाने माझ्या खिडकीतून तोंड आत घालून सुपातले तांदूळ खायला सुरुवात केली. त्याचे ते दात आणि तो गरम श्वास! मला साधं 'हड' म्हणवेना. शेजारी शेवंती शिडीवरून माळ्यावर चढली आणि वर जाऊन तिने शिडीही ओढून घेतली. कळप परत गेल्यावरही ती उतरेना.

किसन धावत आला. माझ्या खिडकीखाली उभा राहून तो भावजींना जे काही बोलला, त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच, "परत माज्या घंटेला हात लावलास ना गोविंदा, तर हात मोडून गळ्यात बांदीन."

*

हात मोडायला किसनची गरज पडली नाही.

त्याआधी शेळीचा प्रयोग झाला. घोड्याला घरी सोबत असली की तो कळप विसरतो असं भावजींना माथेरानवर कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून एक शेळी आणली आणि आधी ओळख होऊ दे, असं म्हणत ती कुरणातच पाखऱ्याजवळ बांधली. आठवडाभरात पाखऱ्याला शेळीचा लळा लागला, पण कळपाचा काही सुटला नाही. मग तो शेळीला घेऊनच कळपात फिरायला लागला. आता भावजींना रोज संध्याकाळी दोघांना आणायला लागायचं. शेळी यायची.

एके दिवशी ती शेळीही आली नाही. सकाळी कुरणात नुसता दोर मिळाला आणि चिखलात पंजे. किसनने दाखवले, मी स्वतः पाहिले. त्यानंतर आमच्या गल्लीत दिवेलागणीनंतर कोणी बाहेर पडेना. आणि भावजी मात्र जिवाच्या आकांताने रोज संध्याकाळी त्याच कुरणात.

*

त्या घाईतच ती चूक झाली. दोर हातातून सुटतो म्हणून भावजींनी तो मनगटाला गुंडाळला. घोडेवाल्याच्या पोराला हे लहानपणीच सांगतात, दोर धरायचा, बांधायचा नाही. पण जो माणूस रोज हरतो तो काय काय करून बघतो.

काशी खिंकाळली. पाखऱ्या सुटला. भावजींना त्याने बांधापर्यंत फरफटत नेलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. कशेळ्याच्या हाड बसवणाऱ्याने पट्टा करून उजवा हात छातीशी बांधून टाकला.

त्या दिवशी भिंतीपलीकडे आवाज नव्हता. मला आवाजापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली, म्हणून वाटीभर साखर मागायचं निमित्त करून गेले. शेवंती चुलीपुढे बसलेली. भावजी भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"वैनी, तुमीच सांगा यांना," ती म्हणाली. "येक तर घोडा ऱ्हाईल या घरात, नायतर मी."

शिळफाट्याच्या एका टांगेवाल्याला निरोप गेला. तो दोन दिवसांनी येऊन पाखऱ्याला घेऊन जाणार असं ठरलं. भावजी हो म्हणाले. हो म्हणताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी पाऊस असा लागला, की समोरचं घर दिसेना. उल्हास नदी फुगली की आमच्या ओढ्याचं पाणी पुढे जात नाही, उलटं मागे चढतं. ओढ न दिसता नुसतं भरत जातं. दुपारी शेवंती माझ्याकडे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"वैनी, ह्ये घरात नायत. दोर बी नाय."

आम्ही दोघी धावत ओढ्यावर गेलो. गाव जमलेलंच होतं. ओढा राहिला नव्हता, तळं झालं होतं. पलीकडे कुरणातलं एक टेपाड तेवढं वर उरलेलं, त्याच्यावर सगळे घोडे एकमेकांना चिकटून, आणि त्यांच्यामध्ये गोविंद भावजी. एक हात छातीशी बांधलेला.

भावजी पोहणारे पट्टीचे, पण एका हाताने काय पोहणार? अलीकडून लोक ओरडत होते, पाखऱ्याला पाण्यात घाल, शेपूट धर. भावजी घालतच होते. पण पाखऱ्या कळप सोडीना. पाण्यात दोन पावलं टाकायचा आणि मागे फिरायचा. कळपही हलेना, कारण म्होरकी तिथे नव्हतीच. काशीच्या खुराला जखम झाली म्हणून किसनने तिला घरी बांधली होती. टेपाड डोळ्यांदेखत लहान होत चाललं होतं.

किसन माझ्या शेजारी उभा होता. तो टेपाडावरचे घोडे पुन्हा पुन्हा मोजत होता. शेवंती त्याच्या पुढ्यात गेली.

"काशी कुठं बांदलीय?"

त्याने नुसता हात केला. ती पळाली. मी मागे मागे. किसनच्या गोठ्यात काशी पाय आपटत होती, कान मागे, डोळे पांढरे. मी उंबऱ्यातच थांबले. शेवंती आत गेली. भिंतीला पाठ घासत घासत ती काशीपर्यंत पोचली. ती काशीच्या गळ्याखाली वाकली. पट्टा ओला होऊन आवळला होता, तिने तो दातांनी सोडवला.

घंटा घेऊन ती ओढ्यात कमरेपर्यंत उतरली आणि वाजवायला लागली.

आधी काहीच झालं नाही. मग एका घोड्याने कान टवकारले. मग दुसऱ्याने. एक तांबडा पाण्यात शिरला, त्याच्या मागे एक, त्याच्या मागे आणखी दोन, आणि मग सगळेच. टेपाडावर पाखऱ्या एकटा उरला. जन्मात कधी एकटा न राहिलेला तो घोडा असा किंचाळला, की अंगावर काटा आला. आणि त्याने उडी टाकली. भावजींनी डाव्या हाताने त्याचं शेपूट धरलेलं होतं.

मध्ये एकदा भावजींचं डोकं दिसेनासं झालं. शेवंती घंटा वाजवत राहिली. वर आलं. ती वाजवत राहिली. पाखऱ्या काठाला लागला तरी ती वाजवतच होती. शेवटी मी तिचा हात धरला.

*

शिळफाट्याचा टांगेवाला ठरल्याप्रमाणे आला. पाणी उतरलं होतं, घोडे पुन्हा कुरणात होते. भावजी खाटेवर. म्हणाले, शब्द दिलाय, जा, घेऊन जा.

टांगेवाल्याने आधी चणे दाखवले. मग गूळ. मग दोर टाकला आणि ओढ्यापर्यंत आला. तिथून तो चिखलात पोटावर परत गेला. दोनदा उठला, दोनदा पडला. शेवटी चिखल पुसत पुसत आमच्याकडे आला. किसन होता, मी होते, शेवंती होती, निम्मी गल्ली होती.

"याला आणायची काय युक्ती असंल की," तो म्हणाला. "तुमी रोज कसा आनता?"

किसनने आभाळाकडे पाहिलं. बाकीच्यांनी आपापल्या पायांकडे.

"आमाला तरी कुठं येतो आनायला?" शेवंती म्हणाली. "तुमाला येत आसंल तर न्या बापडे."

मी तिच्या अगदी शेजारी उभी होते. पदराखाली तिची मूठ घट्ट आवळलेली होती. वाजू नये म्हणून तिने घंटेचा लोलक आतून धरून ठेवला होता.