सहीसाठी घरी पाठवलेला पेपर

नववीच्या घटक चाचणीत मी 'न विसरता येणारा प्रसंग' हा निबंध घातला आणि वर्गाला दम भरला, "गाइडमधलं उतरवलंत तर शून्य. जे घडलं तेच लिहा." मी तशी तापट बाई. दरवर्षी चाळीस पोरं एकाच यात्रेत हरवतात आणि एकाच हवालदाराला सापडतात, हे तपासून तपासून माझं डोकं उठलं होतं.

तरी निम्मा वर्ग यात्रेत हरवलाच. कडेच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीने मात्र माझं ऐकलं. दिवाळीच्या सुट्टीत तिला गंगाखेडला मावशीकडे नेलं, मावशीने स्वतःची साडी नेसवली आणि चार पाहुणे आले. पुढे तिने लिहिलं होतं, "त्यांनी मला चालायला लावले. वय विचारले. आई म्हणाली अठरा. मी चौदाची आहे. बाबा सतरंजीकडे बघत होते. मला वाटले ते खरे सांगतील." एवढंच.

आज सांगतानाही लाज वाटते, पण ते वाचून मला आनंद झाला. सुरुवात चांगली, ओघ चांगला, आणि ती सतरंजी तर लाजवाब! दोन-तीन ऱ्हस्व-दीर्घांना लाल गोल केले आणि दहापैकी आठ दिले. गुण देताना मी हात आखडता घेणारी. माझ्याकडून आठ म्हणजे डोक्यावरून पाणी. शनिवारी सकाळी गठ्ठा वाटला आणि शाळेच्या रिवाजाप्रमाणे बजावलं, "सोमवारी प्रत्येक पेपरवर वडिलांची सही पाहिजे."

रविवारी दुपारी मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. तो पेपर मी कुणाच्या हातात द्यायला सांगितला होता? फोन करावा, तर शाळेत नोंदलेला नंबर वडिलांचाच. त्यांनी वाचलं असेल तर तिला मारलं असेल, शाळा बंद केली असेल, लग्नाची घाई केली असेल. अशी गोष्ट कळल्यावर शिक्षकाने गप्प बसायचं नसतं, हे मला प्रशिक्षणात दोनदा सांगितलेलं. आणि मी ऱ्हस्व-दीर्घ बघत बसले होते.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. तिच्या मैत्रिणींना विचारायचीही भीती वाटत होती, कारण गावात बोभाटा झाला तर तिच्यावरच शेकणार होतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत वडील तिला घेऊन स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. हातात घडी घातलेला पेपर.

"मॅडम, आठ मार्क पडलेत म्हणती, तरी दोन दिस झालं रडायलीय. शाळंला यायना, वाचूनबी दाखवंना. मला सही येती, वाचता येत न्हाई. काय लिव्हलंय ते तुमीच सांगा."

म्हणजे त्यांना काहीच माहीत नव्हतं. वाटलं, सुटले! काहीतरी गोड रचून वाचावं, सही घ्यावी आणि मोकळं व्हावं. मी तिच्याकडे पाहिलं. खालमानेनेच ती म्हणाली, "वाचा, मॅडम."

मी वाचलं. सतरंजीपर्यंत आले तेव्हा मान वर करायचा धीर होत नव्हता. पण ते ओरडले नाहीत. लाल आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "दोन कशाचे कापले?"

"शेवट लिहिला नाही तिने."

"तिला कुठं म्हाईत हाय," ते म्हणाले. "होकार मी काल कळवला. ऐतवारी कुंकू लावायला यायलेत."

मुलगी मागे सरून भिंतीला टेकली. मी म्हणाले, "ती चौदाची आहे. मला हे ग्रामसेवकांना कळवावं लागेल, बालविवाह रोखणं त्यांचं काम आहे."

"कळवा. तुमी नोकरीवाल्या, जाताल बदली होऊन. आमाला हितंच राहायचंय." सही न करताच ते पायऱ्या उतरून गेले.

मी मोबाईल काढला. दोनदा भलताच नंबर लागला. तिसऱ्यांदा रिंग वाजायला लागली तेव्हा ती टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"मॅडम, मंग शाळा सुटल्यावर मी घरी जाऊ का नको?"