बैलाला रकाना, बाईला नाही

हट्टीपणाची परीक्षा असती, तर सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत आमच्या कचेरीतले घड्याळवाले पहिले आले असते, आणि वर परीक्षकाशी भांडून आणखी दोन गुण पदरात पाडून घेतले असते. साठ सालानंतरची ती वर्षे. शेतीला खर्च किती, राबणूक किती याची पाहणी करणारी आमची लहानशी कचेरी साताऱ्यात होती. घड्याळवाले गावोगाव फिरून फॉर्म भरत आणि मी ते टाइप करी. मूळचे विट्याचे. भाऊबंद सोनं गाळायला परमुलखात गेले, हे मात्र इथलाच चिखल तुडवत राहिले. मनगटी घड्याळ त्या चिखलातच पडून बंद झालं, तेव्हापासून घरचं गजराचं घड्याळ पिशवीत घालून ते बांधावर बसत आणि कोण किती वेळ राबतो ते लिहीत. फॉर्म पुरा झाल्याशिवाय चहाला शिवायचे नाहीत. मग गार झालेला चहा पिऊन ‘फक्कड!’ म्हणायचे. एकदा मेढ्याकडच्या एका गावात नांगरट चालू असताना गजर झाला नि बैल औतासकट उधळले. बैलांमागे शिव्या देत शेतकरी, शेतकऱ्यामागे घड्याळ घेऊन हे. फॉर्मवर त्यांनी इमानदारीत लिहिलं, ‘बैल पळाले, बारा मिनिटे. कारण, पाहणी.’

त्याच गावात भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेल्या एका म्हातारीला त्यांनी विचारलं, “आजी, दिवसाचं किती तास काम करता?”

“आवं, मी कुटं काम करती?” रोप लावता लावता ती म्हणाली. “काम आमचं मालक करत्यात. मी घरीच असती.”

मालक बांधावर तंबाखू मळत होते. यांनी घड्याळ काढलं आणि तिचा दिवस मोजला. अडचण अशी, की छापील फॉर्मात बैलाला रकाना होता, गड्याला होता, शेणखतालाही होता. घरच्या बाईला नव्हता. यांनी कागदाच्या पट्ट्या कापल्या, बायकोकडून खळ शिजवून घेतली आणि प्रत्येक फॉर्मला एकेक रकाना चिकटवला. आमच्या कचेरीत त्या वर्षी उंदीर फार झाले ते या खळीमुळेच, असं माझं आजही मत आहे.

साहेबांनी पट्ट्या पाहिल्या आणि ते भडकले. दोरी धरून ओळीत भात लावायची नवी पद्धत कमी खर्चाची आहे, असं पत्रक गावोगाव वाटायचं होतं, आणि त्याला आधार याच पाहणीचा. पट्ट्या धरल्या तर खर्च कमी दिसेना. ओळीत लावायचं म्हणजे बाईनं आणखी वाकायचं. साहेब म्हणाले, “पट्ट्या काढा आणि सही करा, नाहीतर बदलीला तयार राहा.”

“बैल गोठ्यात उभा ऱ्हायला तरी त्याचं वैरण-पाणी धरायचं,” हे शांतपणे म्हणाले, “आन चिखलात वाकलेली बाई घरात बसलीय म्हणून लिहायचं? जमीन टिकायची तर कसणारी कंबर टिकाय नको? माझ्यानं न्हाई व्हायचं साहेब. कुटं पाठवताय ते सांगा.”

जतला पाठवलं. जाताना पिशवीत घड्याळ टिकटिकत होतं. मी भित्रा माणूस. त्यांच्या माघारी साहेबांच्या हुकुमाने एकेक पट्टी पाण्याने भिजवून मीच सोडवली आणि अहवाल स्वच्छ टाइप केला. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या वर्षी लावणी आटोपल्यावर ती म्हातारी लेकीकडे साताऱ्याला आली, ती विचारत विचारत कचेरीत पोचली. “ते गजराचं सायेब कुटं हायती?”

“बदली झाली, आजी.”

“आरं देवा! मग माझं कोन लिवनार?” ती दारातच बसली. “यंदा तुमच्या कचेरीचा कागद वाचून दोरीवर लावलं. दीस उगवल्यापास्नं दिवं लागंपतुर वाकल्याली व्हते. आता कंबर सरळ हुईना. त्यास्नी सांगा, मी काम करती म्हनावं.”

साहेब आतच होते. मी एक कोरा फॉर्म घेतला, कात्रीने पट्टी कापली, चिकटवली आणि ती सांगेल तसं लिहीत गेलो. खाली सही माझी केली. कचेरीतल्या खळीला मात्र घड्याळवाल्यांच्या घरच्या खळीची सर नव्हती. पट्टी एका कडेने सारखी सुटायची, आणि ती बोटाने दाबून धरताना मला त्यांची फार आठवण आली.