तळ्याच्या पायऱ्या

लहानपणापासून मला पाण्याची धास्ती. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायला मुंबईस जाऊ लागलो, तेव्हा रेवसहून सुटणाऱ्या आगबोटीत मी डोळे मिटून बसायचो. कारण मला पक्कं ठाऊक होतं: अगदी लहान असताना मी किहीमच्या आमच्या तळ्यात बुडता बुडता वाचलो होतो. हिरवं पाणी, शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, काठावर आईचं लाल लुगडं, सगळं लख्ख आठवायचं.

आमचे प्राध्यापक सांगत, आठवणींच्या धाग्यात ओवलेला तोच 'मी'. मला ते पटे. पुढे त्यांनी व्हिएन्नातल्या मनोवैद्यांची नवी मतं शिकवली: मनाचा मोठा भाग ज्याचा त्यालाच दिसत नाही, आणि भीतीचं मूळ तिथंच असतं. मी त्यांना माझी आठवण सांगितली. ते म्हणाले, "घरी विचारून पाहा. आठवण कधी कधी खोटी साक्षही देते."

मे महिन्यात घरी गेलो. आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती.

"आये, मला तळ्यातून कुणी काढलं?"

तिचे हात थांबले. "तुला न्हाय रे. तुज्या थोरल्या भावाला. पन तो वाचला न्हाय. तू तवा पोटात होतास."

मला भाऊ होता, हेच मला माहीत नव्हतं. आजोबांनी घरात त्याचं नाव घेणंच बंद केलं होतं.

"मग मला तुझं लाल लुगडं कसं आठवतं?"

ती पुन्हा आमसुलं पसरू लागली. "तुला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, तवा त्याचंच बोलत बसायची. दुसरं कोन होतं ऐकायला? तान्ह्या पोराला काय समजनार, वाटायचं."

माझ्या 'मी'चा सगळ्यात जुना पुरावा आईचा निघाला. ऊन उतरल्यावर तिनंच मला तळ्यावर नेलं. काठाला नुसता मातीचा उतार.

"पायऱ्या कुठं गेल्या?"

"पायऱ्या कंदीच न्हवत्या."

एवढ्या आठवणीत तेवढ्या पायऱ्याच माझ्या होत्या. त्या मी का बांधल्या असतील? तिला त्याच्यापर्यंत उतरता यावं म्हणून? पुढे आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण 'मी म्हणजे कोण' याचं सोपं उत्तर विद्यार्थ्यांना कधी देववलं नाही.

त्या दिवशी घरी परतल्यावर आईनं भावाचं नाव मोठ्यानं घेतलं आणि त्याच्या खोड्या सांगू लागली. शेतावरून आलेले वडील दारातच थबकले. मला वाटलं, आता रागावतील. ते तिच्याशेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "डावरा होता तो. ह्ये सांगितलंस का याला?"