पाचव्या होलचा आकडा

नेटा बुकनचा चेंडू कधीच लांब जायचा नाही. एवढ्या एका गोष्टीवर रोना कारगिलने पहिला महिना सुखात काढला.

रोना सत्तावन वर्षांची. एकतीस वर्षं तिने पिटकॅरनमध्ये पायी टपाल वाटलं होतं. चढ, वारा, कुत्री, सगळं पचवलेलं. खांदे रुंद, पाय लोखंडी. गोल्फ क्लबने त्या वसंतात गावातल्या बायकांसाठी शिकाऊ गट काढला, तेव्हा तिने आधी स्वतःचं नाव दिलं आणि मग शेजारच्या नेटाला ओढत नेलं. नेटा बेकरीतून निवृत्त झालेली. बुटकी, कमरेने अधू. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि मैत्री चाळीस वर्षांची.

पिटकॅरनमध्ये गोल्फ न खेळणारा म्हणजे पोहता न येणारा कोळी. प्लंबर खेळतो, पाद्री खेळतो, शाळेतली पोरं दप्तर टाकून खेळतात. रोना मात्र कधी त्या मैदानावर गेली नव्हती. तिची आई क्लबमध्ये सफाई करायची. बावीस वर्षं, मागच्या दाराने. दिवाणखान्यात एक तपकिरी फळा होता. जिंकणाऱ्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत. आई दर शुक्रवारी तो पुसायची. “त्यात आपलं कुणी नाही,” असं ती सहज सांगायची, बाहेर थंडी आहे म्हणावं तसं.

शिकाऊ गटाच्या शेवटच्या स्पर्धेत जी जिंकेल तिला चांदीचा छोटा चमचा मिळणार होता आणि फळ्यावर नाव. चमच्याचं रोनाला काही नव्हतं.

शिकवायला मिसेस स्ट्रॅकन होत्या. वय एकोणऐंशी, आवाज खिळ्यासारखा. “बायांनो, जोर घरी ठेवून या,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. “सात नंबरची एकच काठी महिनाभर वापरा. अर्धाच हात फिरवा. आणि जितका वेळ मारण्यात घालवाल तितकाच होलभोवतीच्या हिरवळीवर चेंडू ढकलण्यात घालवा. निम्मे फटके तिथंच जातात.”

रोनाला ते पटलं नाही. ती घरून जोर घेऊनच यायची.

“कारगिल, या चेंडूने तुमचं काय वाईट केलंय?” मिसेस स्ट्रॅकन विचारायच्या. बायका हसायच्या. पण चेंडू दीडशे पावलं उडायचा, आणि हसताना त्यांची तोंडं उघडीच राहायची. तो बहुतेकदा काटेरी झुडपांत जायचा ही गोष्ट वेगळी.

नेटा अर्धाच हात फिरवायची. साठ पावलं, सरळ. पुन्हा साठ पावलं, सरळ. बघणाऱ्याला जांभई यावी असा खेळ.

गोल्फमध्ये जिचे फटके कमी ती पुढे. मे महिन्यात नऊ होलना रोनाचे एकोणऐंशी फटके, नेटाचे चौऱ्याऐंशी. जूनमध्ये त्र्याहत्तर आणि बहात्तर. जुलैत नेटा चौसष्टवर आली. रोना सत्तरवर.

“तू काय करतेस गं एवढं?” रोनाने विचारलं. आवाज होता होईल तेवढा हलका ठेवला.

“काही नाही. चहाचा मग आडवा ठेवते आणि गालिच्यावरून आत ढकलते.”

“बस?”

“बस. तू चेंडू नॉर्वेला पाठवतेस. मला नॉर्वेत कुणी ओळखत नाही बाई.”

मग भिंतीतून ते ऐकू यायला लागलं. कदाचित आधीपासून येत असेल. टक्. थोडी शांतता. टक्. रोना रेडिओ मोठा करायची. थोड्या वेळाने स्वतःच बंद करायची आणि मोजायची. एका संध्याकाळी दहातले आठ. त्या रात्रीचं जेवण तिला गोड लागलं नाही.

तिनेही चहाचा मग आडवा ठेवून पाहिला. तो फुटला.

हेवा असा एकदम येत नाही. तिला आधी नेटाच्या टोपीचा राग आला. मग तिच्या गुणगुणण्याचा. मग एका मंगळवारी मिसेस स्ट्रॅकन सगळ्यांना थांबवून म्हणाल्या, “बुकनचे हात बघा. लोणी लावल्यासारखे.” रोनाने बघितले. चाळीस वर्षं कणीक मळलेले ते जाडे, आखूड हात. तिनेच या बाईला इथं आणलं होतं. नेटा तर येतच नव्हती. “मला कसलं जमतंय,” म्हणत होती.

स्पर्धा सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी होती. चिठ्ठ्या काढल्या. दोघींची जोडी लागली.

“आपल्यातच राहिलं बघ!” नेटाला आनंद झाला.

निघण्यापूर्वी मिसेस स्ट्रॅकननी नियम पुन्हा ऐकवला. आपल्या फटक्यांचं कार्ड आपण लिहायचं नाही, जोडीदाराने लिहायचं. शेवटी आपण वाचून सही करायची. “एखाद्या होलला मारले त्यापेक्षा जास्त फटके लिहिले गेले, तर ते जास्तच धरले जातील. कमी लिहिले गेले आणि तुम्ही सही केलीत, तर तुम्ही बाद. लिहिले कुणी हे कुणी विचारणार नाही. सही तुमची.”

खाडीवरून वारा येत होता. रोना त्या दिवशी शहाण्यासारखी खेळली. सात नंबरची काठी, अर्धा हात. चार होल झाले तेव्हा ती नेटाच्या एका फटक्याने पुढे होती. फळ्यावरची सोनेरी अक्षरं तिला दिसायला लागली होती. कारगिल. आईचंच आडनाव.

पाचव्या होलला रोनाचे सात झाले. पण नेटाचं काही खरं नव्हतं. तिचा दुसरा फटका वाळूच्या खड्ड्यात गेला. तिसऱ्याला नुसती वाळू उडाली. चौथ्यालाही. नेटा खड्ड्यात उभी राहून हसत सुटली. “रोना, दोरी टाक गं!” पाचव्याने चेंडू कसाबसा बाहेर आला आणि हिरवळीच्या अगदी कडेला थांबला. होल तिथून बारा पावलांवर.

आता आठ. निदान आठ, रोनाने मनात धरलं.

नेटाने बघितलं, ढकललं. चेंडू उतार घेत, वळत, सावकाश गेला आणि आत पडला.

“सहा!” नेटा ओरडली. “सहा लिही गं!”

रोनाने पेन्सिल काढली. नेटा तिकडे तोंड करून वाळूचा खड्डा दाताळ्याने सारखा करत होती, गुणगुणत होती. रोनाने पाच लिहिलं.

खोडता आलं असतं. चार होल बाकी होते. प्रत्येक होलला तिने कार्ड काढलं, नवा आकडा लिहिला, आणि त्या पाचावरून नजर बाजूला नेली. हे सांगायचं आहे की नाही हे तिने ठरवलं नव्हतं. फक्त ते खिशात आहे, हे तिला माहीत होतं.

क्लबमध्ये शिरल्यावर नेटाने कार्ड घेतलं. चष्मा पर्समध्येच राहिला. ती कधीच वाचत नसे, यावरून सगळ्या तिला रागवायच्या. “तू लिहिलंयस ना? झालं तर.” आणि तिने सही केली.

बटाट्याचं सूप आलं, चीजचे स्कोन नावाचे छोटे पाव आले. मिसेस स्ट्रॅकन कोपऱ्यातल्या टेबलावर बेरजा करत होत्या. नेटा साठ. रोना बासष्ट. ऊना पेट्री चौसष्ट.

“बुकन!” त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

नेटा लाल झाली. आणि मग ती बोलायला लागली. आनंद झाला की तिला गोष्ट सांगायची असते. “अहो, पाचव्याला मी मेलेच होते! वाळूत दोन फटके फुकट. वाटलं, समुद्र आत येऊन मला नेणार. आणि मग बारा पावलांवरून असा आत! सहा! त्या सहाइतका अभिमान मला माझ्या लग्नाचाही नाही.”

सगळ्या हसल्या. मिसेस स्ट्रॅकन हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड पुन्हा उचललं.

“इथं पाच आहेत.”

“पाच?” नेटा म्हणाली. “छे. सहा.”

“मग तुम्ही बाद, बुकन. मला वाईट वाटतं. सही तुमची आहे.” त्या रोनाकडे वळल्या. “आता तुम्हाला एकच विचारते. चुकून की मुद्दाम?”

चुकून म्हटलं असतं तर चमचा तिचा होता. बेरीज बासष्ट, पहिला नंबर, फळ्यावर नाव रंगवायला रंगारी सोमवारी येणार. आणि कुणाला खोटं वाटलं नसतं. वाऱ्यात माणूस चुकतो.

फळा मिसेस स्ट्रॅकनच्या डोक्यामागेच होता. तळाशी एक ओळ रिकामी.

“मुद्दाम,” रोना म्हणाली.

“अगं वेडे!” नेटा मोठ्याने हसली. तिचे डोळे भरून आले होते. “माझ्यासाठी? मी जिंकावं म्हणून? बघा हो ही! एकतीस वर्षांत हिने कुणाचं पत्र इकडचं तिकडे केलं नाही, आणि माझ्यासाठी...” तिने रोनाचा हात धरला.

बायकांच्या चेहऱ्यांवर मऊपणा आला. कुणीतरी “बिचारी” म्हणालं. रोना तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. खोटं लिहिणारी आणि सही करणारी, दोघीही बाद, पण गाव वर्षभर कौतुकाने सांगत राहिलं असतं. ते मऊ चेहरे, तो जाडा उबदार हात. या बाईला चांगुलपणाही आयताच जमत होता, लोण्यासारखा.

“तुझ्यासाठी नाही,” ती म्हणाली. “तू बाद व्हावीस म्हणून.”

हात लगेच सुटला नाही. थोडा वेळ तसाच राहिला, मग गेला.

मिसेस स्ट्रॅकननी दोन्ही कार्डं बाजूला ठेवली. “पेट्री, चमचा तुमचा.”

“माझा?” ऊना पेट्रीच्या तोंडात स्कोन होता. “मी तर चौथ्याला चेंडू हरवला.”

नेटाने विचारलं, “सहावं, सातवं, आठवं. तेव्हाही माहीत होतं तुला?”

“हो.”

“नवव्याला मी तुला माझं चॉकलेट दिलं.”

“हो.”

नेटाने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग टोपी घेतली आणि उठली.

दोघींची घरं एकाच रस्त्याला. दुसरी वाट नाही. एरवी चढावर नेटाची बॅग रोना ओढायची. आज नेटा स्वतः ओढत होती. वीस पावलं गेली की थांबायची, कमरेवर हात ठेवायची, मग पुन्हा चालायची. रोना मागे होती. तिला पुढे जाता येत नव्हतं आणि बॅगेला हात लावता येत नव्हता. नेटा थांबली की तीही थांबायची.

नेटाने एकदाही मागे बघितलं नाही. तिची पाठ ताठ होती. तिचा राग पुरा होता, त्यात कुठे डाग नव्हता. रोना त्या पाठीकडे बघत चढ चढत राहिली, आणि तिला त्या रागाचाही हेवा वाटत होता.