मेजरांची मोहीम

मेजर कधीच लष्करात नव्हते. लढाईच्या काळात ते देहूरोडच्या एका डेपोत कारकून होते. बंदूक त्यांनी उचलली नाही, बंदुकांच्या पेट्यांवर शिक्के मात्र भरपूर मारले. पुढे पिंपरीत नवा कारखाना निघाला, तेव्हा ते टाइमकीपर म्हणून आले ते पिळदार मिशा आणि खाकी अर्धी चड्डी घेऊनच. 'मेजर' हे नाव आम्ही चेष्टेनं ठेवलं होतं. त्यांनी ते बढती मिळाल्यासारखं घेतलं.

त्यांच्या डोक्यात एक मोहीम होती. पाठीवर बिऱ्हाड घेऊन मळवलीला उतरायचं, ओढ्याच्या काठाकाठानं गळ टाकत चालायचं, वाटेत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या धरणाचं तळं गाठून मोठा मासा धरायचा. चिंचवडात एका खोलीत राहणारे आम्ही दोघे फिटर, मी आणि सावंत, त्यांचं सैन्य ठरलो. सावंत कोकणातला म्हणून मेजरांनी त्याला माशांचा जाणकार नेमलं. खरं तर त्याचं गाव घाटाच्या पायथ्याला. मासा त्यानं ताटातच पाहिलेला.

"तयारी झाली की निम्मी मोहीम झाली," असं मेजर म्हणत. उरलेल्या निम्मीबद्दल ते बोलत नसत. सुट्टीच्या दिवशी ते आमच्या पाठपिशव्यांत वाळू भरून आम्हाला नदीपर्यंत चालवत. एकदा काळेवाडीचा एक शेतकरी तिथं बैल धूत होता. त्यानं विचारलं, हे काय चाललंय. मेजर म्हणाले, ओझं वाहण्याचा सराव. "मग आमचं शेणखत वाहा की राव," तो शांतपणे म्हणाला. पुढच्या सुट्टीपासून मेजरांनी रस्ता बदलला.

गळ फेकण्याचे धडे मेजरांच्या चाळीच्या अंगणात चालत. दोरा ढिला सोडायचा नाही, हा त्यांचा मुख्य धडा. एकदा गळ शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्यात रुतला आणि मेजरांनी धड्याप्रमाणे दोरा ढिला सोडला नाही. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आपलं ठेवणीतलं लुगडं शेजारणीला नेऊन दिलं. मेजरांना त्या एवढंच म्हणाल्या, "घरबसल्या शिकार होते, मग तळं कशाला हवं?"

दर हिवाळ्यात मोहीम पुढे ढकलली जाई. कधी वारा उलटा, कधी बूट कच्चे, कधी आमचीच शिस्त कमी. अखेर एका वर्षी आम्ही तिघे खरोखर चिंचवड स्टेशनावर उभे राहिलो. मेजरांनी फलाटावर पिशव्यांची तपासणी केली, माझ्या पिशवीचा पट्टा उसवलेला आढळला आणि त्यांनी मोहीम रद्द केली. तेवढ्यात पॅसेंजर आली. सावंत सरळ चढला. त्याच्यामागे मी. मेजरांनी पायरीवर एक पाय ठेवला, गाडीला धक्का बसला आणि त्यांनी तो काढून घेतला. मिशीला हात लावून ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. पाहणी करून या."

आम्ही पाहणी केली. ओढ्यात काही लागलं नाही. तळ्यावर सावंतच्या गळाला वांब जातीची एक मासळी लागली. ती लांबलचक, वळवळणारी वांब पाहून त्याला साप वाटला आणि त्यानं काठीसकट ती पाण्यात भिरकावली. मीही तोवर वीस पावलं मागे पळालो होतो.

परतल्यावर मेजरांनी सगळं खोदून विचारलं. पाणी कसं, वारा कुठला, वांब केवढी. रागावले मात्र नाहीत. पुढच्या दिवाळीपर्यंत तीच हकिकत ते कँटीनमध्ये सांगू लागले आणि तिच्यात ते स्वतः होते. वांब त्यांनी रुमालानं धरली होती, निखाऱ्यावर भाजली होती. आम्ही मागे बसून हसत असू.

काही वर्षांनी प्रकृतीमुळे नोकरी सोडून ते वाईकडे गावी निघाले. निरोपाच्या चहाला त्यांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. एका नव्या पोरानं सावंतकडे वळून विचारलं, खरंच का हो? मेजर बशीकडे बघत राहिले.

सावंत म्हणाला, "खरं आहे. मी तर काठी टाकून पळालो होतो. मेजर होते म्हणून वांब हाती लागली."

मेजरांनी गोष्ट पुरी केली, पण पहिल्यांदाच हळू आवाजात.

ते वारले त्याला आता फार वर्षं झाली. मी अजून ती सहल सांगतो आणि मेजरांना घेऊनच सांगतो. त्यांना वगळलं, तर तळ्याकाठी उरतात दोन भित्रे फिटर.