पाकिटात ठेवलेला दोरा पोराच्या कमरेले

पोराच्या आंगावर पानी टाकलं आन् तांब्या माह्या हातातून सुटला... त्याच्या कमरेले काळा दोरा होता. तीन बिबे, मधात एक कवडी, कवडीची कड तुटलेली. हा दोरा मी आदल्याच दिवशी पाह्यला होता. पाह्यला काय, मीच कापला होता, पोलीस ठेसनात, एका बाईच्या कमरेचा. माह्या डोळ्यासमोर तो पाकिटात घालून वरून लाख लावली होती. पाकिटावर माही सही हाय.

मी आठवी शिकेल हाय, लिहिन्यात चुकलं त समजून घ्या. असल्या गोष्टींवर माहा कधीच इश्वास नव्हता. आम्ही बौद्ध, आमच्यात गंडादोरा चालत नाही, सासरे त विहारात त्याच्यावर भाषन देतात. म्हनूनच घरातल्या कोनी बांधला असन असं बी म्हनता येत नाही.

लोणार तालुक्यात बीबीच्या अलीकडे आमचं गाव, नाव नाही सांगत. घर पोलीस ठेसनाच्या मागच्या गल्लीत. आदल्या दिवशी दुपारी तिथली लेडीज पोलीस दारात आली, तिले आम्ही मॅडमच म्हनतो. "चाल वं, पंच पाह्यजे. बाईची झडती हाय." बाजारात कोनाची तरी सोन्याची पोत गेली होती, संशयावरून एक बाई धरून आनली होती. बाईची झडती बाईनंच घ्यायची, दार लावून, साक्षीले बी बाईच ठेवायची... हे मॅडमनं रस्त्यातच सांगतलं. पोराले सासूजवळ ठेवून मी गेली.

मॅडमनं मानसं बाहेर काढले, खिडकीले चादर लावली. बाई माह्याच वयाची. पोत नाही निघाली, काहीच नाही निघालं. मंग कमरेचा दोरा दिसला त तिनं त्याच्यावर हात ठेवला.

"हा नका काढू ताई. लेकराले ताप हाय, त्याच्या नावानं बांधला."

"आत दोरी-नाडा ठेवता येत नाही बाई," मॅडम म्हने. "तू काही करून घेतलं त माही नोकरी जाईन. यादीत लिहते, सुटली का वापस भेटन."

गाठ सुटेना. मॅडमनं मले ब्लेड देल्लं. मी कापला. तवा ती बाई मले म्हने, "तुमचं किती महिन्याचं हाय?"

लेकराचं मी काहीच बोलली नव्हती. ब्लाऊजवर दुधाचा डाग असन, त्याच्यावरून ओळखलं असन... असन बी.

मॅडमनं यादी वाचून दाखवली – काळा दोरा एक, कापलेला, बिबे तीन, कवडी एक, कड तुटलेली. तिनं अंगठा देल्ला, यादीचा एक कागद तिले भेटला, मी सही केली आन् घरी आली.

आन् सकाळी हे.

सासूले इचारलं त म्हने, "मी काऊन बांधू वं? तूच आनला असशीन ठेसनातून." ह्यांनी सरळच इचारलं, "चोरला काय तू?" मी म्हनलं, अहो तो कापलेला होता, हा पाहा ना, हा कुठं कापेल हाय? ह्यांनी दोरा बोटानं सगळा फिरवून पाह्यला. कापेल नव्हता. गाठच नव्हती त्याले, कुठंच. त्या सकाळी हे माह्या हातचा चहा पेले नाही.

माह्या डोक्यात एकच... पाकीट उघडलं आन् रिकामं निघालं त? सही माही. मंग माहीच झडती, त्याच खोलीत, तीच चादर लावून. आन् पोरगं अजून माह्या दुधावर.

पोराले झबलं घातलं, कडेवर घेतलं आन् गेली. मॅडम म्हने, "बरं झालं आली, तुलेच बोलावनार होती. पोत जिची गेली होती तिच्याच पिशवीच्या अस्तरात सापडली. इले सोडून राह्यलो, सामान पंचासमोर द्या लागते."

लाख तशीच होती. माही सही तशीच. मॅडमनं पाकीट फाडलं.

दोरा निघाला. कापलेला. तीन बिबे. कवडी, त्याच बाजूनं तुटलेली. सगळं यादीवानी.

"काय वं, घाम काऊन आला तुले?" मॅडम म्हने. मी म्हनलं, ऊन हाय. आन् दुसरा दोरा माह्या कडेवर, झबल्याखाली. मी सांगतलं नाही. काय सांगनार होती?

बाईनं दोऱ्याच्या टोकांले गाठ मारली, कमरेले बांधला. जाता जाता माह्या पोराच्या कमरेवर झबल्यावरूनच हात ठेवला, बरोबर कवडीवर. म्हने, "माह्या लेकराचा ताप उतरला. रात्रीच उतरला."

रात्रभर ती आत होती. तिच्या घरचं कोनी आलं नव्हतं, फोन मॅडमच्या कपाटात. तिले कोनं सांगतलं?

चार दिवस झाले. पोरगं खेळते, दूध पेते. पन मले त्याचं आंग कोमट लागते, थर्मामीटर त काहीच दाखवत नाही. सासू रोज म्हनते, काप आन् फेक उकिरड्यावर, काय कवटाळून बसली. ब्लेड खिडकीतच ठेवलं हाय. हे कसं झालं ते मले अजून बी नाही समजलं... एवढंच समजते का मी एकदा कापला त तो माह्या घरी आला. आता माह्या पोराचा कापला त तो कोनाच्या लेकराकडे जाईन, आन् माह्या पोराजवळ काय राहीन?

तुमचं लेकरू असतं आन् ब्लेड तुमच्या हातात असतं, त तुम्ही कापला असता का?