'खारा वारा'चा हरवलेला अंतरा

'खारा वारा' या जुन्या बँडचा गायक गेल्याचं माझा मित्र बाळ्या याने फोनवर कळवलं, तेव्हा नकळत मी त्यांची ती कविता गुणगुणू लागलो. आमच्या शाळेच्या पुस्तकातली, दीपगृहावरची. अलिबागला कॉलेजात असताना बँडच्या त्या चार थळकर पोरांनी ती गिटार-ड्रमवर बसवून गणपतीच्या मांडवात म्हटली होती, आणि तोवर नुसती पाठ असलेली कविता मला पहिल्यांदा दिसली होती.

मुखडा आला. अंतऱ्याशी अडलो. शब्द सगळे तोंडपाठ, चाल कुठे गेली कोण जाणे! त्या पोरांची रेकॉर्ड कधी निघाली नाही, कॅसेटही नाही. गाणाराच गेला, म्हणजे अंतराही गेला?

"थळला जाऊ," मी म्हटलं. "ड्रमवाला दामू आहे अजून."

गेटवेहून मांडव्याला सकाळची बोट पकडा. तिकिटातच पुढची अलिबागची बस असते, म्हणून ते जपून ठेवा. वरच्या डेकचे थोडे जास्त पडतात, खुशाल द्या. हिवाळ्यात सीगल पक्षी अगदी हाताशी येतात आणि आपलं वय गळून पाण्यात पडतं.

बाळ्याला पक्ष्यांचं काही नव्हतं. तो त्या काळातल्या दुसऱ्या ग्रुपचा, 'सनसेट फाइव्ह'चा भक्त.

"तुझा गायक म्हणजे वर्गात कविता म्हणणारा मॉनिटर!"

"आणि तुझे पाचजण म्हणजे सूट घालून जेवायला आलेले वऱ्हाडी."

"अरे कवी, ऑर्गन होता आमच्याकडे. ऑर्गन!"

"होता ना. त्याच्यामागे गाणं लपायचं."

समोरच्या बाकावरच्या मुलीने कानातले इअरफोन काढून विचारलं, "काका, कुठला बँड? यूट्यूबवर आहे का?"

आम्ही दोघांनी एकदमच नकारार्थी माना हलवल्या.

किहीमसाठी चोंढीला उतरून रिक्षा करावी. नारळाच्या वाडीत घरगुती खोली मिळाली. जेवण आधी सांगून ठेवा. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी अशी होती की बाळ्याही वाद विसरला. अर्थात हात धुवेपर्यंतच.

उन्हं कलल्यावर थळ. एकीकडे खत कारखान्याच्या चिमण्या, दुसरीकडे वाळत घातलेली मासळी आणि समोर पाण्यात उंदेरी-खांदेरी हे दोन किल्ले. खांदेरीवरचं दीपगृह पाहताना अंगावर काटा आला. म्हणजे ती पोरं रोज हे बघत होती!

दामूने मिठीच मारली. माशांचा रिकामा क्रेट उलटा करून त्याने ताल धरला, तोच ताल. आणि काय सांगू, गिटारचा तुकडा तोंडाने हुबेहूब वाजवू लागला तो बाळ्या!

"तुला कसा येतो रे?"

"शत्रूची ताकद माहीत असावी लागते," तो समुद्राकडे बघत म्हणाला.

मुखडा तिघांनी गायला. अंतऱ्याशी तिघेही अडलो.

"अंतऱ्याला मी थांबायचो," दामू म्हणाला. "गिटारपन न्हाय. तो एकलाच गायचा. मी तवा पानी प्यायचो."

माझा चेहरा पडला असणार. दामू म्हणाला, "आलाव तं शेजारी हलदीला चला. जेवून जावा."

मांडवात बेंजो पार्टी रंगात आली होती. हळदीने माखलेल्या बाया नाचत होत्या, स्पीकरने छाती थरथरत होती. एका गाण्यानंतर ढोल थांबले आणि बेंजो एकटाच हळू वाजू लागला. दोन ओळी गेल्या आणि मी खुर्चीवरून उठलो. माझ्या तोंडातले अंतऱ्याचे शब्द एकेक करून त्या सुरांवर जाऊन बसत होते. एकही खाली पडला नाही. नाचणाऱ्या बाया आता संथ डोलत होत्या, माडांपलीकडे खांदेरीचा दिवा उघडझाप करत होता, आणि मी बघत राहिलो. इतकी वर्षं अख्खा गाव ही चाल सांभाळत होता, आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता!

"तो माझे हलदीत गायलेला," दामू पुटपुटला. "तवाच बेंजोवाल्यांनी उचललं असंल."

मी वाजवणाऱ्याला चाल कोणाची म्हणून विचारलं. तो हसला. "जुनी हाय बाबा, आमचे आज्याचे टायमाची."

"आज्याची कसली?" मागून बाळ्या गरजला. "खारा वाराची आहे ती! अलिबागला त्यांच्यासारखा ग्रुप झाला नाही दुसरा!"

सगळा मांडव त्याच्याकडे बघू लागला. मीसुद्धा.

"बरं, मंग पुन्यांदा वाजवू?" बेंजोवाला म्हणाला.

वाजवलं. दामूने ढोल गळ्यात घेतला, अंतऱ्याला काठ्या खाली केल्या आणि शेजारच्याच्या हातातून पाण्याचा तांब्या घेतला. मी गायलो. ओळ कुठेही तुटली नाही.

घरी येऊन आठवडा झाला. रोज चहा उकळेपर्यंत अख्खी कविता म्हणून होते. काल बाळ्याचा फोन आला.

"मांडवात मी जरा भावनेच्या भरात बोललो. अंतरा बरा आहे. पण मागे ऑर्गन हवा होता."

मी वाद घातला नाही. "ऐक," म्हटलं आणि फोनवरच अंतरा धरला. दुसऱ्या ओळीला पलीकडून गिटारचा तुकडा सुरू झाला.

"बाळ्या, इथे गिटार थांबते."

"माहीत आहे रे," तो म्हणाला आणि थांबला.